हणमंतरावांचं शहर

माझी डावीकडची दाढ होळीच्या दिवशी, भर पंगतीत, हणमंतरावांच्या घरच्या पुरणपोळीत तुटली. पुरणात खडा नव्हता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळ्या रंगाचा, प्लॅस्टिकचा एक गोल तुकडा होता. मी कळवळून गालाला हात लावला, तसे समोर बसलेले हणमंतराव ताट ओलांडून माझ्याकडे धावले.

"थुंका! पावणं, आधी थुंका! गिळू नका!"

मला गहिवरून आलं. साडू असावा तर असा! मी तळहातावर थुंकलो. हातात अर्धी दाढ होती आणि तो पिवळा तुकडा होता. हणमंतरावांनी दोन्ही वस्तू निरखून पाहिल्या. दाढ माझ्याच हातात राहू दिली. तुकडा उचलला, बेसिनमध्ये धुतला, पंच्याला पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "शाबूत हाय!"

"आणि माझी दाढ?" मी विचारलं. म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. 

"आवं, दाढंचं काय घेऊन बसलाय? कराडात गल्लीगणिक दातांचा डॉक्टर हाय. ह्यो तुकडा सुटा मिळत न्हाई."

तो तुकडा म्हणजे त्यांच्या दीपगृहाचा दिवा होता. बायको डाळ निवडत असताना तिच्या परातीला परात लावून हे आपले तुकडे निवडत बसले होते. तिथून तो बिचारा डाळीत गेला, शिजला, वाटला गेला, लाटला गेला आणि तरीही शाबूत राहिला. त्या दिवसापासून हणमंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला त्या प्लॅस्टिकचा दर्जा समजावून सांगताना माझ्या दाढेचा दाखला देतात.

हणमंतराव माझे साडू. माझी बायको शालन आणि त्यांची बायको सुमनअक्का या सख्ख्या बहिणी. आम्ही साताऱ्याचे, ते कराडला चिकटून असलेल्या मलकापूरचे. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. त्यांचं शेतीच्या मोटारी, पाईप आणि ठिबकचं दुकान आहे, शिवाय नदीकडेला ऊस. माणूस भरदार. मिशा अशा, की गिऱ्हाईक किमतीवरून घासाघीस सुरू करतं आणि मिशांकडे बघून थांबतं. असा हा माणूस घरी आला की हातपाय धुतो, मांडी घालून बसतो आणि नखाएवढ्या रंगीत विटा एकमेकींत अडकवून घरं, पूल, बुरूज बांधतो, हे कोणाला सांगून पटत नाही. मी तोंड उघडून दाढेची जागा दाखवतो, तेव्हा पटतं.

याची सुरुवात मात्र अतिशय निष्पाप झाली. पुतण्याच्या वाढदिवसाला देण्यासाठी हणमंतरावांनी पुण्याहून विटांचा एक खोका आणला. आत सगळे भाग आहेत का हे बघायला म्हणून उघडला. भाग सगळे आहेत का हे कळायला ते जोडून बघणं भाग होतं. जोडून झाल्यावर ते मोडणं जिवावर आलं. पुतण्याला वाढदिवसाला स्टीलचा जेवणाचा डबा मिळाला. "डबा कामाला येतो," असं हणमंतराव त्याला म्हणाले, आणि त्या पोरानं पुढे बरीच वर्षं काकांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्या खोक्यानंतर दुसरा आला, मग तिसरा. त्यांच्यापुढे या सगळ्याला 'खेळणं' म्हणायची सोय नव्हती. 'छंद' म्हटलेलंही आवडत नसे. त्याला 'काम' म्हणायचं. "आज काम काढलंय," असं म्हणून त्यांनी सख्ख्या चुलतभावाच्या पोराची हळद चुकवली आहे.

विटांच्या प्रत्येक खोक्यात एक पुस्तक येतं. कोणती वीट कुठे बसवायची ते त्यात चित्रांनी दाखवलेलं असतं. हणमंतरावांनी आयुष्यात भक्तिभावानं वाचलेलं हे एकच पुस्तक. मी मराठीचा माणूस, म्हणून मला मुद्दाम सांगत, "पावणं, ह्यात एक अक्षर न्हाई. म्हणून ह्यात एक खोटं न्हाई." त्या पुस्तकावरूनच त्यांनी एक वाक्य उचललं आणि ते उभ्या जगाला ऐकवायला सुरुवात केली. "पान बघून बोला!" वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला, पान बघून बोला. डॉक्टर म्हणाले साखर वाढली आहे, पान बघून बोला. सत्यनारायणाला भटजी जरा भरभर पुढे गेले, तर त्यांनाही थांबवून तेच. भटजींनी खरोखर पान उलटून पाहिलं आणि एक श्लोक सुटलेला निघाला, त्यामुळे पुढची पाचसहा वर्षं तरी हे वाक्य आवरणं शक्य उरलं नाही. दुकानात विकलेल्या मोटारीचं माहितीपत्रक मात्र हणमंतरावांनी कधीच उघडलं नाही. मोटार ते अंदाजानं जोडत. एका शेतकऱ्याची मोटार उलटी फिरून पाणी विहिरीतून वर येण्याऐवजी नुसतीच गरगरली, तेव्हा ते त्याला म्हणाले, "नवी हाय. लाजतीया जरा."

घराच्या वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली, म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली, हळूहळू त्या शहरानं व्यापली. सकाळचं ऊन, स्वतंत्र न्हाणीघर, खिडकीतून डोंगर, सगळ्या सोयी त्या शहराला होत्या. शहरात घंटाघर होतं, अग्निशमन केंद्र होतं, बर्फ साचलेल्या छपरांची घरं होती. बंदर आणि दीपगृह तर होतंच, कारण मलकापुरात समुद्र नसला म्हणून काय झालं. मी एकदा म्हटलं, "हणमंतराव, एवढ्या मोठ्या शहरात एसटी स्टँड नाही?" त्यावर ते आठवडाभर अस्वस्थ होते असं सुमनअक्कांनी सांगितलं. पुढच्या खेपेला पाहतो तर घंटाघरासमोर एक ट्रॅक्टर उभा आणि त्याच्या ट्रॉलीत हिरव्या दांड्या भरलेल्या. "ऊस," हणमंतराव म्हणाले. युरोपातल्या त्या चौकात उसाची ट्रॉली रस्ता अडवून उभी राहिल्यावर मात्र शहराला खरंच जरा जीव आला, हे मला कबूल करावं लागलं. मनातल्या मनात.

हे शहर बघायला नेण्याचा एक विधी असे. चपला जिन्याखाली काढायच्या. हात पाठीमागे बांधायचे. पंखा बंद, कारण "वाऱ्यानं झेंडं पडत्यात." शिंक आली तर खोलीबाहेर पळायचं. वैशाखात, घामानं निथळत, हात मागे बांधून आम्ही बर्फाची घरं पाहिली आहेत. त्यांच्या लेकीला, पूजाला बघायला इस्लामपूरकडचे पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांनी कौतुकानं घंटाघराचा कळस चिमटीत धरला. स्थळ उत्तम होतं. मुलगा इंजिनियर होता. पण कळस निघून हातात आला आणि लग्न मोडलं. पुढे पूजाला पुण्याचं स्थळ आलं. तो मुलगा शहराभोवती हात मागे बांधून, श्वास रोखून फिरला, आणि हणमंतरावांनी खाली येऊन तिथल्या तिथे सुपारी फोडायला सांगितलं. जावई गुणी निघाला, हा निव्वळ योगायोग.

या सगळ्यात सुमनअक्का कुठे होत्या, असं कोणी विचारेल. त्या समोरच होत्या. हणमंतराव काम काढून बसले की सुमनअक्का लसूण सोलायला किंवा शेंगा फोडायला त्यांच्यासमोर येऊन बसत आणि तोंड सुरू करत.

"आवं, पोटाला काय वाढू आज? ठोकळ्यांचं कालवण करू का?"

"हं."

"दुकानात माणूस येऊन उभं हाय आणि मालक हितं भावल्यांस्नी टोप्या घालतुय. जरा लाज?"

"हं."

"मी मेले तरी म्हणशीला, एवढी खिडकी बसवतो, मग उठतो."

"हं. ती लाल वीट दे गं जरा. तुझ्या गुडघ्यापशी हाय."

आणि सुमनअक्का बोलता बोलता लाल वीट देत. शालन म्हणायची, माझी बहीण या माणसाबरोबर कशी टिकली देव जाणे. अक्कांच्या शिव्यांना खंड नव्हता आणि हणमंतरावांच्या 'हं'ला अंत नव्हता. संसार तसा बरा चालला होता.

मग पूजाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही. सातवा सरत आला तसं सुमनअक्कांनी आम्हाला सल्ल्यासाठी म्हणून मलकापूरला बोलावलं. सल्ला त्या देणार होत्या, आम्ही ऐकायला होतो. खालच्या दोन्ही खोल्या अंधाऱ्या, त्यातली एक पाईपच्या भेंडोळ्यांनी भरलेली. बाळंतिणीला ऊन हवं, बाळाला कोवळं ऊन हवं, जवळ न्हाणी हवी. म्हणजे वरची खोली.

आम्ही चौघं त्या खोलीतच बसलो होतो. हणमंतराव एका नव्या इमारतीचं छप्पर बसवत होते.

"तर ही खोली रिकामी करायची," अक्का म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पूजाला आणायची."

हणमंतरावांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तेवढं शहर पुरं हू द्या. मग आणू की तिला. तवर पुण्यात काय कमी हाय?"

आता अक्कांचा भडका उडणार म्हणून मी मांडी सावरून बसलो. पण काहीच झालं नाही. सुमनअक्का नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग हातातला लसूण ताटलीत ठेवला, उठल्या आणि खाली गेल्या. हणमंतराव थोडा वेळ वाट बघत होते. कसली ते त्यांनाही कळलं नसावं. एकदा सवयीनं "हं" म्हणाले आणि समोर कोणी नाही हे बघून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंक, खारीक, मेथ्या, तूप पिशवीत भरून सुमनअक्का पुण्याच्या गाडीत बसल्या. जाताना त्यांनी नवऱ्याला एक शब्दसुद्धा ऐकवला नाही. शालनला फोनवर एवढंच म्हणाल्या, "त्यांचं शहर पुरं हू दे."

दिवस जाऊ लागले. अक्का शालनशी बोलत, पूजा वडिलांशी बोले, पण हणमंतरावांचा फोन अक्का उचलत नव्हत्या. शेवटी शालननं मला हुकूम केला. "जाऊन बघून या. जेवतात तरी का नीट. आणि तिकडे जाऊन उगाच शहाणपणाचं बोलू नका." मी एसटीनं कराड गाठलं आणि रिक्षानं मलकापूर.

दुकान बंद होतं. घराचं दार उघडं. मी हाका मारल्या, उत्तर नाही. जिन्याखाली सवयीनं चपला काढल्या, हात मागे बांधले आणि वर गेलो.

खोलीत शहर नव्हतं.

घंटाघर नव्हतं, बंदर नव्हतं, उसाची ट्रॉली नव्हती. भिंतींना ताजा फिका पिवळा रंग दिलेला होता. खिडकीशेजारी नवी बाज, वर मच्छरदाणी, कोपऱ्यात कपड्यांसाठी छोटं कपाट. आणि जमिनीवर हणमंतराव. गुडघे आणि कोपरं टेकून, मिशा फरशीला लागतील एवढे वाकून, दोन्ही तळहात फरशीवरून हळूहळू फिरवत होते.

"काय हरवलं?" मी विचारलं.

"हरवलं काय न्हाई." त्यांनी मान वर केली नाही. "काय ऱ्हायलं का ते बघतुय."

"शहर कुठं गेलं?"

"मोडलं."

"कधी?"

"ती गेली त्येच्या दुसऱ्या दिसापास्नं. लय येळ खाल्ला. पुस्तकात बांधायची पानं हायत, मोडायचं एक बी न्हाई. खोक्यात भरून पाईपांवर ठिवलंय सगळं."

मी दारात उभा राहिलो.  म्हणालो, "झाडून घ्यायचं. असं सरपटायचं कशाला?"

"झाडूला कळत न्हाई, पावणं. बारकं बारकं फटीत बसतंय. तळहाताला लागतं. पोरगं रांगाय लागलं की पयलं त्येच तोंडात घालणार. तुमची दाढ गेली, पर तुमाला दाढ तरी हुती."

बाळ जन्माला यायला अजून दीड-दोन महिने होते. रांगायला त्यापुढे कितीतरी. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला भिंतीकडची बाजू नेमून दिली. मग आम्ही दोघं साडू, एक मोटारपंपवाला आणि एक मराठीचा प्राध्यापक, भर दुपारी त्या खोलीत रांगत फिरलो. मला काही सापडलं नाही. त्यांना बाजेच्या पायाशी एक पारदर्शक ठिपका सापडला. तो त्यांनी खिशात टाकला आणि परत पहिल्या फरशीपासून सुरुवात केली.

"अक्कांना सांगितलं का हे?" मी दम खात विचारलं.

"फोन उचलत न्हाई."

"पूजाकडून निरोप द्या."

"आन काय सांगू? खोली मोकळी केली म्हणून? तिला वाटायचं उपकार दावतुय." ते भिंतीला टेकून बसले. गुडघे चोळले. "बोललो ते चुकलंच गड्या. बोलताना कळलं न्हाई. ती गप उठून गेली तवा कळलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी तवाच खोली मोकळी केली असती."

खाली रस्त्यावरून उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत गेली.

"घरात आवाज न्हाई बगा," ते म्हणाले. "कितव्यांदा चा पेताय, कोण इचारत न्हाई. चप्पल घालून सैपाकघरात गेलो परवा. मुद्दाम गेलो. कोण वराडलं न्हाई. कान नुसतं बधिर झाल्यात."

"मी बोलू का चार शब्द?" मी म्हणालो. "मला सवय आहे."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुमचं टोमणं पुस्तकी असत्यात, पावणं. अर्थ लागुस्तवर राग निघून जातो."

इतक्या वर्षांच्या माझ्या वाङ्मयसेवेचं इतकं नेमकं परीक्षण कोणी केलं नव्हतं. मी खिशातून फोन काढला आणि अक्कांना व्हिडिओ कॉल लावला. नंबर माझा दिसल्यामुळे त्यांनी उचलला. मी काही बोललो नाही. फोन नुसता खोलीभर फिरवला. भिंती, बाज, मच्छरदाणी, फरशी. शेवटी भिंतीला टेकलेले हणमंतराव.

  पलीकडून आवाज आला.

"बाज भिंतीला कुणी लावली?"

हणमंतराव ताठ बसले.

"पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येती, इतकी वर्सं ऱ्हाताय त्या घरात, म्हाईत न्हाई? वढा ती अलीकडं! आन खिडकीला जाळी कोण लावणार, मी तिकडनं लावू? आन असं फरशीवर काय बसलाय, तुमचा गुडघा काय लोखंडी हाय? दाढी कवापास्नं केली न्हाई? काय खाता काय? आवाज फुटत न्हाई का तोंडातनं?"

"हं," हणमंतराव म्हणाले.  त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि बाज ओढायला उठले.

 मग अक्कांचा आवाज जरा खाली आला. "सगळं मोडलासा?"

"व्हय."

"माझं स्टेशन बी?"

मी चकित होऊन फोनकडे पाहू लागलो. अक्कांचं स्टेशन? हणमंतराव मात्र चकित झाले नाहीत. ते कपाटापाशी गेले, टाचा उंचावल्या आणि वरून परातीनं झाकलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उतरवलं. परात काढली. खाली एक लहानसं रेल्वे स्टेशन होतं. लाल छप्पर, चार खांब, एक बाक आणि बाकावर चिकटून बसलेली दोन माणसं.

"ह्ये कसं मोडीन?" ते म्हणाले.

"तुमाला कवा कळलं ते मी केलंय?"

"पयल्याच दिवशी. मी दुकानात असताना दुपारचं वर येऊन बसायचीस, तुकडं हललेलं कळत न्हाईत व्हय मला? त्येचा एक खांब उलटा बसलाय."

"मग नीट करायचा हुता की!"

"तू लावल्याला. मी कशाला हात लावू?"

कळसाला बोट लागलं म्हणून लेकीचं स्थळ मोडणारा माणूस हे बोलत होता.

 पलीकडे अक्कांनी नाक ओढल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ त्यांची गाडी परत रुळावर आली. "उलटा बिलटा काय न्हाई खांब! तुमचा चष्मा उलटा असंल!"

"येऊ का न्यायला? आत्ता निघतो."

"आत्ता? ह्या उन्हाचं? डोकं हाय का जागेवर? सकाळी लवकर निघा. पोरीला धक्का लागता कामा नये, गाडी बैलगाडीसारखी चालवायची. आन येताना माझी मोठी पिशवी... न्हाई, तुमाला घावायची न्हाई. थांबा, सांगते. दाराच्या मागं बगा. त्या न्हवं! सैपाकघराच्या!"

मी फोन खिडकीच्या चौकटीला टेकवून ठेवला आणि खाली आलो. चहा टाकला. चहा उकळला, गाळला, पिऊनही झाला. वरून अक्कांचा आवाज येतच होता. जाळी, डिंकाचे लाडू, दाढी, बंद दुकान, चपला, साखर, सगळं एकापाठोपाठ निघत होतं. आणि मधूनमधून हणमंतरावांचं "हं" येत होतं. इतकं तृप्त "हं" मी जेवणानंतरसुद्धा कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

साताऱ्याच्या गाडीची वेळ होत आली होती. फोन माझा होता. तो मागायला वर जावं की तसंच निघावं, याचा विचार करत मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिलो.